खुडूक

मे महिन्याच्या चौदा तारखेला टाकळीवाली खुडूक झाली.
टाकळीहून आणली म्हणून टाकळीवाली.
दुसरी कलेक्टरीण. तिसरी नुसती काळी.
संत्र्याच्या रिकाम्या खोक्यात बसली
आणि हात नेला की फुगून दुप्पट,
घशात यादोरावांच्या सायकलची
तेल नसलेली साखळी.

पोटाखाली अंडं नव्हतं.
एक कांदा होता, टोपलीतून घरंगळलेला,
तोच चोचीनं ओढून घेतलेला.

कौतिकाबाई भिंतीवरून म्हणाल्या,
"बुडवून काढ वं माय, तीन डाव.
नाकात पीस खुपस.
नवतपात रवण धरत नाही इथं,
अंडे उकडून निघतात."

पीस नाही खुपसलं. बुडवली.
निथळत बाहेर आली, एकदा अंग झाडलं,
आणि ओल्या पायांनी सरळ कांद्यावर.

दुपारी अजनीच्या यार्डातले रूळ कडकड वाजायचे.
क्वार्टरची मागची भिंत रात्री अकरालाही
तव्यासारखी.
कलेक्टरीण आणि काळी कूलरच्या गळतीखाली
चोची उघड्या टाकून,
पंख अंगापासून लांब धरून उभ्या,
काखेत गळू झालेल्या दोन पैलवानांसारख्या.
कोंबड्यानं आरवणं पहाटे तीनवर आणलेलं.

ती खोक्यात.
दिवसातून एकदाच उठायची.
सगळ्या दिवसाची घाण एकदम टाकायची, अशी
की कौतिकाबाई खिडकी लावून घ्यायच्या.
चार दाणे, दोन घोट, धुळीत अर्धी लोळण,
की पळत परत,
गॅसवर दूध ठेवून आलेल्या बाईसारखी.

एकदा मी खाली हात घातला.
छातीची पिसं तिनं उपटून टाकलेली.
उघडं कातडं. चटका बसला.
तिनं चोच मारली ती मनगटावर.
खूण अजून आहे.

यादोराव नाइट करून आले की
आधी खोक्यात वाकून बघायचे,
मग चहा मागायचे.
बोलायचे काहीच नाहीत.
बोलतात कुठे ते एरवी तरी.

तीन जूनला डबा खाली ठेवताना
डब्यात चिवचिव झाली.
स्टेशनबाहेर सायकलवर विकतात ती पिल्लं,
दहा रुपयाला एक, रंगात बुचकळलेली.
दोन गुलाबी, एक हिरवं,
एक पिवळंच राहिलेलं.
मी म्हटलं, अहो, तिला कळणार नाही का?
ते हातबत्तीची लाल काच पुसत होते.

रात्री बत्ती मी धरली.
लाल उजेडात ते गुडघ्यावर,
एवढा मोठा पंजा
पंखाखाली एकेक नेत,
सांधा बदलावा तसा, आवाज न करता.
शेवटी कांदा बाहेर.
साखळी थांबली.
बराच वेळ काहीच नाही.
मग दुसराच आवाज, खोलातला, बारीक,
कधी न ऐकलेला.

सकाळी पंखातून एक गुलाबी डोकं.
टाकळीवालीनं डाव्या डोळ्यानं पाहिलं,
मान फिरवून उजव्यानं पाहिलं,
आणि सगळ्यांना कण्या दाखवायला घेऊन निघाली.
कौतिकाबाई म्हणाल्या, "होळी खेळली का हे?"

हिरवं चौथ्या दिवशी गेलं.
संध्याकाळपर्यंत ती त्याच्याजवळ जमीन उकरून
दाणा दाखवत राहिली.
मी उचलायला गेले, तर पुन्हा मनगट.

बाकीच्यांचा रंग उतरतोय.
खाली पांढरी पिसं.
सगळे कोंबडेच निघणार, म्हणूनच स्वस्त होते,
हे यादोरावांना माहीत होतं की नाही
मी विचारलेलं नाही.

आणि कांदा.
तीन आठवड्यांच्या उबेनं
त्याला बोटभर हिरवा कोंब आलेला.
दोन दिवस ओट्यावर राहू दिला.
सुरी लावायला हात होईना.
तिसऱ्या दिवशी पोह्यांसाठी
घरात दुसरा कांदा नव्हता.